स्त्रीराज्याची वेस आणि चित्रकथेची पहिली चौकट

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नवनाथांच्या कथेतील मैनाकिनीच्या स्त्रीराज्यावर आपण 48 पानांची चित्रकथा करीत आहात, पटकथेचा पहिला खर्डा हातात आहे, आणि स्त्रियांची सत्ता असलेले समाज जगभरच्या कॉमिक्समध्ये कसे रंगवले गेले, त्यांतून काय घ्यावे व काय टाळावे, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. मी गेली सव्वीस वर्षे चित्रकथा काढते, इतरांच्या संपादित करते आणि शिकवतेही. या काळात स्त्रीराज्याच्या जेवढ्या चित्रकथा माझ्या वाचनात आल्या, त्यांतील बहुतेकींबद्दल माझी तक्रार एकच आहे. त्यांत स्त्रीराज्याची वेस दिसते, राज्य दिसत नाही. कोणी पुरुष बाहेरून येतो, वेशीवर अडवला जातो, आत शिरतो, चकित होतो, आणि त्याच्या चकित होण्यातच सगळी पाने संपतात. तेथे धान्य कोण पिकवते, न्याय कोण करते, मुले कोठून येतात, म्हाताऱ्या कोठे राहतात आणि राणीनंतर गादीवर कोण बसते, या प्रश्नांना एकही चौकट मिळत नाही. ज्या थोड्या चित्रकथांनी ती दिली, त्याच टिकल्या असे माझे मत आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्याच मुद्द्याला धरून आहे.

आधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्याकडे तो वारंवार पुसला जातो. गादीवर स्त्री असणे वेगळे आणि समाज स्त्रियांच्या सत्तेवर चालणे वेगळे. अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेल्या अमर चित्रकथेने झाशीची राणी, अहिल्याबाई होळकर, चांदबिबी, रझिया सुलताना अशा राज्यकर्त्या स्त्रिया घरोघरी पोहोचवल्या, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्या पानांवरील दरबार पाहिले, तर दिवाण, सरदार, कारकून, भालदार-चोपदार सगळे पुरुषच असतात. पुरुषांनी उभारलेल्या व्यवस्थेच्या माथ्यावर एक असामान्य स्त्री, असे ते चित्र असते. इतिहास तसाच होता, म्हणून चित्रही तसे आहे. तिसरा प्रकार मातृवंशीय समाजाचा. मेघालयातील खासी समाजात कूळ आईकडून चालते आणि घराची मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते, मात्र कुटुंबाच्या निर्णयांत मामाचा शब्द वजनदार असतो आणि गावच्या दरबारात परंपरेने पुरुषच बसत आले. वंश, मालमत्ता आणि सत्ता या तीन गोष्टी वेगवेगळ्या हातांत असू शकतात, हे चित्रकथाकाराने पक्के ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्या खर्ड्यात त्या तिन्ही एकाच राणीच्या मुकुटात कोंबलेल्या दिसतात.

कॉमिक्समधील सर्वांत प्रसिद्ध स्त्रीराज्य म्हणजे वंडर वुमनचे पॅरडाइझ आयलंड. ते प्रथम ऑल स्टार कॉमिक्सच्या आठव्या अंकात, 1941 च्या अखेरीस, वाचकांसमोर आले. कथालेखक होते मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन आणि चित्रकार एच. जी. पीटर. कथेची सुरुवातच एका विमानाने होते. नकाशावर नसलेल्या बेटावर अमेरिकी अधिकारी स्टीव्ह ट्रेव्हरचे विमान कोसळते आणि बेटावरील दोन तरुणी त्याला उचलून रुग्णालयात नेतात. पुरुषाच्या येण्याने स्त्रीराज्याची गोष्ट उघडण्याचा हा कित्ता पुढे ऐंशी वर्षे गिरवला गेला. मात्र त्याच मूळ कथेतील एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, आणि मी तो विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवते. राणी हिप्पोलिटा आज्ञा करते की या माणसाचे डोळे झाकलेले ठेवा, म्हणजे तो शुद्धीवर आला तरी त्याला काही दिसणार नाही. त्यामुळे ज्याच्या येण्याने कथा सुरू झाली, त्याला ते राज्य पाहताच येत नाही. वाचक मात्र पाहतो, आणि तेही बेटावरील स्त्रियांच्या सोबतीने. पीटर यांची जाड, काहीशी जुन्या वळणाची रेषा आज कोणाला ओबडधोबड वाटेल, पण कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे याचा हा निर्णय असामान्य होता. नंतरच्या कितीतरी सफाईदार चित्रकारांनी ती पट्टी काढून टाकली आणि वाचकाला त्या पुरुषाच्या डोळ्यांत बसवले.

मार्स्टन यांची भूमिका समजल्याशिवाय ते बेट समजत नाही. स्त्रिया पुढे जगावर राज्य करतील आणि ते राज्य अधिक प्रेमळ असेल, असे त्यांनी 1937 मध्येच वृत्तपत्रांतून जाहीरपणे सांगितले होते. त्यांचे स्त्रीराज्य त्यामुळे प्रचाराचे चित्र आहे, हे मान्य करूनच ते वाचावे. 1942 च्या वंडर वुमनच्या पहिल्या अंकात त्यांनी बेटाचा इतिहास दिला. हर्क्युलिस हिप्पोलिटाला युद्धात हरवू शकत नाही, म्हणून तो तिला मोहात पाडून तिचा मंतरलेला कमरपट्टा पळवतो आणि तिच्या प्रजेतील ॲमेझॉन, म्हणजे ग्रीक पुराणकथांतील लढवय्या स्त्रिया, गुलाम होतात. पुढे प्रेमदेवता ॲफ्रोडायटी त्यांना सोडवते, पण पुरुषांच्या अधीन होण्याची चूक विसरू नये म्हणून मनगटांवर कायम कडी घालण्याची अट घालते. या कड्यांकडे मी वारंवार परत जाते. ती दागिना आहेत, ढाल आहेत आणि बेडीची आठवणही आहेत. गोळ्या परतवणारी तीच कडी एखाद्या पुरुषाने साखळीने जोडली की शक्ती निघून जाते. एका वस्तूत इतिहास, कायदा आणि भीती अशा तीन गोष्टी ठेवणे हे चित्रकथेचे खरे सामर्थ्य आहे, कारण ती वस्तू प्रत्येक चौकटीत दिसत राहते आणि निवेदनाच्या पट्टीत एक शब्दही लिहावा लागत नाही. त्याच कथांमध्ये गुन्हेगार स्त्रियांना सुधारण्यासाठी एक वेगळे बेट आहे, जेथे त्यांना आज्ञाधारक करणारे पट्टे बांधले जातात. प्रेमाने राज्य करणाऱ्या समाजालाही तुरुंग लागतो, आणि तो तुरुंग कैद्यांच्या मनावर ताबा मिळवूनच चालतो, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. मार्स्टन यांना त्यात काही वावगे वाटत नसावे. माझ्या दृष्टीने मात्र त्या स्त्रीराज्याचा सर्वांत खरा, कारण सर्वांत अडचणीचा, भाग तोच आहे.

त्या बेटात एक मोठी पळवाटही आहे. तेथील स्त्रिया चिरतरुण आहेत. त्यामुळे तेथे बाळंतपण नाही, शाळा नाही, वार्धक्य नाही, मरण नाही आणि म्हणून वारसाहक्काचा प्रश्नही नाही. संपूर्ण बेटावर मूल असे एकच, राणीने मातीतून घडवलेली डायना, म्हणजेच पुढची वंडर वुमन. समाज म्हणून ज्या गोष्टी सर्वांत कठीण असतात, नेमक्या त्याच अमरत्वाच्या एका वाक्याने दूर केल्या गेल्या. या पळवाटेबद्दल मी इतके कळकळीने लिहिते, कारण मी स्वतः त्याच वाटेने गेले आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलांच्या मासिकासाठी मी प्रमिलेच्या राज्याची चोवीस पानांची चित्रकथा काढली होती. जैमिनी अश्वमेधातील ती कथा, जिच्यात अर्जुनाचा घोडा स्त्रियांच्या राज्यात शिरतो. अंक छापून आला तेव्हा माझ्या आजीने भिंग घेऊन तो शेवटपर्यंत पाहिला आणि विचारले, "यात म्हातारी कुठंय गं?" मी पाने पुन्हा उलटली. साठ-सत्तर चेहरे होते, सगळे विशीतले, सगळ्यांच्या भुवया एकाच वळणाच्या. पाण्याची घागर एकीच्याही हातात नव्हती. धनुष्ये मात्र पानोपानी होती. त्या दिवसापासून कोणत्याही समाजाचे चित्र काढताना मी आधी त्यातील सर्वांत वृद्ध बाई आणि सर्वांत लहान मूल काढते, आणि मग मधली माणसे भरते.

उलट्या टोकाला गेलेली चित्रेही बरीच आहेत. फँटॅस्टिक फोरच्या 129 व्या अंकात, 1972 मध्ये, मार्व्हलने थुंड्रा नावाची योद्धा आणली. ती तेविसाव्या शतकातील अशा जगातून येते, जेथे स्त्रिया राज्यकर्त्या आहेत आणि पुरुष गुलाम. अमेरिकेत स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात असतानाचा हा काळ, आणि स्त्रियांच्या हाती सत्ता गेली तर त्या पुरुषांचे तेच करतील जे पुरुषांनी त्यांचे केले, ही धास्ती या चित्रामागे स्पष्ट दिसते. या प्रकारात स्त्रीराज्याला स्वतःचा आकार नसतो. पुरुषसत्तेचेच चित्र आरशात धरलेले असते. 2007 मधील ॲमेझॉन्स अटॅक या मालिकेत वंडर वुमनच्याच बेटावरील स्त्रिया वॉशिंग्टनवर चाल करून जातात आणि नागरिकांना मारतात. वाचकांनी त्यावर कडाडून टीका केली, आणि ती रास्त होती, कारण शतकानुशतके युद्धापासून दूर राहिलेला समाज हत्यार का उचलतो याची कारणमीमांसा पानांवर पुरेशी नव्हती. 2011 मध्ये ब्रायन अझारेलो आणि क्लिफ चियांग यांनी नव्याने सुरू केलेल्या मालिकेच्या सातव्या अंकात कळते की या ॲमेझॉन समुद्रात जहाजे गाठतात, खलाशांशी संग करून त्यांना ठार मारतात, मुली ठेवून घेतात आणि जन्मलेले मुलगे शस्त्रांच्या बदल्यात देवांचा लोहार हेफेस्टस याला देतात. चियांग यांचे चित्रण मला फार आवडते, त्यांच्या रेषेला विलक्षण शिस्त आहे. निदान मुले कोठून येतात हा प्रश्न त्या कथेने विचारला, एवढे श्रेय मी देते. पण उत्तर असे दिले की बेटावरील प्रत्येक बाई खुनाची भागीदार ठरली, आणि त्याबद्दल त्या बायका आपसांत काय बोलतात, कोणाची झोप उडते, कोणी आपला मुलगा देण्यास नकार दिला का, हे पाहायला कथा थांबली नाही.

याच बेटाचे माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक केलेले चित्रण जॉर्ज पेरेझ यांचे आहे. 1987 मध्ये त्यांनी ग्रेग पॉटर आणि लेन वाइन या सहलेखकांबरोबर, संपादक कॅरन बर्गर यांच्या देखरेखीखाली, वंडर वुमनची कथा पुन्हा पहिल्यापासून मांडली. बेटाला थेमिस्किरा हे नाव मिळाले, जे ग्रीक परंपरेत थर्मोडॉन नदीकाठच्या ॲमेझॉनांच्या नगराचे आहे. पहिला अंक उघडतो तो इसवी सनापूर्वी तीस हजार वर्षांमागच्या गुहेत, जेथे एक पुरुष आपल्या गर्भवती स्त्रीचा जीव घेतो. पुरुषांच्या हातून मेलेल्या अशा स्त्रियांचे आत्मे देवता जपून ठेवतात आणि त्यांतून ॲमेझॉन समाज जन्माला येतो. स्टीव्ह ट्रेव्हरचे विमान पहिल्या अंकात बेटापर्यंत पोहोचतच नाही, ते दुसऱ्या अंकात येते. तोवर वाचकाला नगर, त्याची घटना, त्याची जखम आणि त्यातील मतभेद सारे ठाऊक झालेले असते. हेराक्लिसच्या, म्हणजेच हर्क्युलिसच्या, विश्वासघातानंतर हिप्पोलिटा आणि तिची बहीण अँटिओपे यांच्यात फूट पडते, एक गट बेटावर जातो, दुसरा सूड घेण्यासाठी मागे राहतो आणि त्याचे वंशज पुढे वेगळ्याच, मर्त्य, लढाऊ ॲमेझॉन म्हणून कथेत परततात. स्त्रियांचे राज्य म्हणजे एकमताचे राज्य, हा भाबडा समज येथे मोडला. शिवाय पेरेझ यांनी बायकांना कामे दिली: फिलिपस ही सेनापती, मेनालिपे भविष्यवेत्ती, एपिओने वैद्य. त्यांच्या त्वचेचे रंग, केशभूषा, खांद्यांची रुंदी वेगवेगळी आहे आणि गर्दीच्या चौकटीतही कोण कोण आहे ते ओळखता येते. 2001 मध्ये फिल जिमेनेझ यांच्या कारकिर्दीत या दोन गटांत यादवी होते आणि राजेशाहीच रद्द केली जाते. स्त्रीराज्यात राणी असलीच पाहिजे का, हा प्रश्न एका लोकप्रिय मालिकेने विचारला, ही मला मोठी गोष्ट वाटते. त्याच जिमेनेझ यांनी केली स्यू डिकॉनिक यांच्या लेखनावर 2021 मध्ये काढलेल्या वंडर वुमन हिस्टोरियाच्या पहिल्या खंडात हिप्पोलिटा राणी नसते. ती सुइणीच्या हाताखाली काम करणारी एक स्त्री असते आणि नको असलेली नवजात मुलगी नदीकाठी टाकून येण्याचे काम तिच्यावर पडते. ते काम ती करते, आणि मग मागे धावते. राज्याची स्थापना एका टाकलेल्या मुलीपासून होते, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ब्रायन के. व्हॉन आणि पिया गेरा यांची वाय: द लास्ट मॅन ही 2002 ते 2008 या काळात 60 अंकांत पूर्ण झालेली मालिका वेगळ्या वाटेने जाते. एके दिवशी पृथ्वीवरील सगळे नर मरतात आणि यॉरिक नावाचा तरुण व त्याचे माकड एवढेच उरतात. मुख्य पात्र पुन्हा पुरुषच, हा दोष मी मान्य करते. पण येथे स्त्रियांचे राज्य हे पूर्वापार चालत आलेले गूढ बेट नाही. ते कोसळलेल्या व्यवस्थेच्या ढिगाऱ्यातून उभे करावे लागते. अमेरिकेचे अध्यक्षपद कृषिमंत्री असलेल्या मार्गारेट व्हॅलेंटाइनकडे येते, कारण वारसांच्या यादीत जिवंत उरलेली ती पहिली. मृत खासदारांच्या विधवा बंदुका घेऊन व्हाइट हाउसवर येतात आणि नवऱ्यांच्या जागा मागतात. एक टोळी स्वतःला ॲमेझॉनच्या लेकी म्हणवते, एक स्तन कापून टाकते आणि शुक्राणू साठवलेल्या पेढ्या जाळते. मला सर्वांत लक्षात राहिले ते मॅरिसव्हिल नावाचे छोटे गाव. तेथे वीज आहे, अन्न आहे, घरे नीट आहेत, शेजारणी एकमेकींची विचारपूस करतात. पुढे कळते की हे गाव चालवणाऱ्या सगळ्या तुरुंगातून सुटलेल्या स्त्रिया आहेत. सत्तेबद्दल, दुसऱ्या संधीबद्दल आणि सुव्यवस्थेबद्दल त्या काही पानांत जेवढे सांगितले गेले, तेवढे कित्येक राण्यांच्या दरबारांत सांगितले जात नाही.

जपानी मांगामध्ये, म्हणजे तिकडच्या चित्रकथांमध्ये, हा विषय अधिक ताकदीने आला आहे. एइचिरो ओदा यांच्या वन पीसमधील ॲमेझॉन लिली हे बेट 2008 मध्ये कथेत आले आणि आपल्याकडील कॉलेजच्या मुलामुलींना ते तोंडपाठ आहे. तेथील स्त्रिया बाहेर जाऊन गर्भवती होऊन परततात आणि त्यांना फक्त मुलीच होतात; बेटावर लहान मुली आहेत, माजी राणी असलेली म्हातारी न्योनही आहे. अनेक चौकटी नायकाच्या येण्यावरील विनोदात आणि राणी बोआ हॅनकॉकच्या रूपात खर्ची पडतात, ते मला पटत नाही. परंतु एक प्रसंग त्या सगळ्याची भरपाई करतो. राणी आणि तिच्या दोन बहिणी आपल्या पाठी कोणाला दाखवत नाहीत, त्यावर शापित डोळा आहे असे त्यांनी प्रजेला सांगितले आहे. लढाईत एका बहिणीची वस्त्रे जळतात, पाठ उघडी पडणार असते, आणि तिच्याशी लढणारा नायक लुफीच झेप घेऊन स्वतःच्या अंगाने ती पाठ झाकतो. त्या पाठीवर गुलामगिरीचा डाग आहे. लहानपणी तिघींना पळवून विकले होते. पुरुषांना दगड करणारी राणी तशी का झाली, हे त्या एका झाकलेल्या पाठीने सांगितले. डाग वाचकालाही लगेच दाखवला जात नाही, हे चित्रकार म्हणून ध्यानात घ्यावे.

मला मात्र आपल्या कामासाठी एकच पुस्तक सुचवायचे झाले, तर मी फुमी योशिनागा यांचे ओओकू सुचवीन. 2004 मध्ये सुरू झालेली आणि 19 खंडांत पूर्ण झालेली ही मालिका एदो काळातील जपान घेते आणि त्यात एकच बदल करते. तरुण पुरुषांना मारणारी, देवीच्या रोगासारखी एक साथ येते, अंगावर लाल फोड उठवणारी, आणि पुरुषांची संख्या चौथ्या हिश्श्यावर येते. पुढचे सगळे त्यातून निघते. शेती, व्यापार, वाहतूक स्त्रियांकडे जाते. मुलगा जगला तर त्याला घरात जपून ठेवतात. ज्यांना नवरा परवडत नाही त्या गरीब स्त्रिया मूल व्हावे म्हणून एका रात्रीचे पैसे मोजतात. शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, स्त्री असते, आणि तिच्या अंतःपुरात पुरुष. पहिल्या खंडात काटकसरी स्वभावाची योशिमुने शोगुन होते. ती अंतःपुरात येते तेव्हा भरजरी, रंगीबेरंगी पोशाखांच्या ओळीत एकच तरुण साध्या काळ्या वस्त्रात बसलेला असतो, आणि तिची नजर त्याच्यावर थांबते. त्याला निवडले जाते, आणि मग समजते की अविवाहित शोगुनच्या पहिल्या रात्रीचा जोडीदार प्रथेप्रमाणे ठार मारला जातो. ती त्याला कागदोपत्री मारते आणि गुपचूप घरी जाऊ देते. दया आणि कायदा यांतून राज्यकर्तीने काढलेली ही वाट योशिनागा जवळजवळ रिकाम्या पार्श्वभूमीवर, चेहऱ्यांच्या छोट्या छोट्या चौकटींत काढतात. तेथे आतषबाजी नाही, धनुष्य नाही. एक बाई कारभार करते आहे.

याच योशिमुनेला प्रश्न पडतो की स्त्रिया गादीवर असताना दफ्तरात पुरुषांची नावे का लिहितात. अंतःपुरातील वयोवृद्ध लेखनिक तिच्यासमोर जुनी बखर ठेवतो आणि कथा मागे, तिसऱ्या शोगुनच्या काळात जाते. खरा इएमित्सू त्या रोगाने गेला होता, त्याच्या दाईने, कासुगाने, ते लपवले आणि त्याच्या कोवळ्या मुलीला पुरुषाचा वेश चढवून गादीवर बसवले. त्या मुलीवर जे जे लादले गेले ते वाचताना मला दोनदा पुस्तक मिटावे लागले. स्त्रीराज्य येथे कोणाच्या स्वप्नातून आलेले नाही, कोणाच्या सूडातूनही नाही. ते नाइलाज, लबाडी, दुःख आणि रोजचे काम यांतून हळूहळू घडते, आणि दोन पिढ्यांत लोकांना ते सदासर्वदा असेच होते असे वाटू लागते. योशिनागांच्या स्त्रिया चांगल्या आहेत, क्रूर आहेत, आळशी आहेत, विद्वान आहेत. सत्तेने त्यांना देवी केले नाही की राक्षसी केले नाही. 2009 मध्ये या मालिकेला तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्कार मिळाला, तो सर्वार्थाने योग्य होता.

आता आपला खर्डा. धुंडिसुत मालूंच्या 1819 मधील नवनाथ भक्तिसारात स्त्रीराज्याची एक चोख अट दिलेली आहे: मारुतीच्या भुभुःकाराने तेथे पुरुषगर्भ टिकत नाही. या एका गोष्टीवर ओओकूइतके जग उभे राहू शकते, आणि आपण ती निवेदनाच्या पट्टीत एका ओळीत उरकली आहे. कृपया तसे करू नये. भुभुःकार ऐकू येण्याआधी गावात काय घडते ते दाखवा: सुईण दार लावून घेते, पोटुशा बायका तळघरात उतरतात, एखादी जाणूनबुजून अंगणात उभी राहते. हा आवाज फुग्यात अक्षरे मोठी करून लिहू नका. पाण्याने भरलेल्या हंड्यावर उठलेली वलये काढली तरी तो ऐकू येतो. मैनाकिनीने मारुतीची तपश्चर्या केली आणि मारुतीच्या सांगण्यावरून मच्छिंद्रनाथ तिच्याकडे आले, असे कथा सांगते. आपल्या खर्ड्यात ती कामातुर मोहिनी झाली आहे. मला वाटते, जिच्या राज्यात एकही मुलगा जगत नाही अशा राणीने केलेले ते तप आहे, आणि त्यात लालसेइतकीच राज्याची काळजी असू शकते. मीननाथाचा जन्म त्या प्रकाशात काढून पाहावा. जिवंत राहिलेला मुलगा पाहायला सगळे नगर लोटेल, आणि गर्दीतल्या म्हाताऱ्यांचे चेहरे निरनिराळे असतील.

पोशाखाबद्दल आपण स्वतंत्रपणे विचारले आहे. माझा नियम साधा आहे: बाई जे काम करते त्या कामाला सोयीचा पोशाख. नांगर धरणारीने कासोटा घातलेला असेल, पहारेकरणीच्या पायात वहाणा असतील, दप्तर सांभाळणारीच्या बोटांना शाई लागलेली असेल. आपल्या नवव्या पानावर पहाऱ्यावरच्या सात जणी एकाच कमनीय ठेवणीत उभ्या आहेत. रात्रपाळी करून थकलेला माणूस तसा उभा राहत नाही, तो भाल्यावर भार देतो.

गोरखनाथांचा प्रवेश हा कथेचा कळस आहे आणि तो आपण छान रचला आहे. कलिंगा या नर्तकीच्या मेळ्यातून ते राजवाड्यात येतात आणि मृदंगातून "चलो मच्छिंदर गोरख आया" असा बोल निघतो, तेथे चौकटी अरुंद होत जाणे ही आपली कल्पना मला मनापासून आवडली. फक्त त्या क्षणी आपण सलग सहा चौकटी मच्छिंद्रनाथांच्या चेहऱ्यावर ठेवल्या आहेत. तो बोल मैनाकिनीनेही ऐकला आहे. दोन चौकटी तिला द्या, आणि त्यांत तिला रडवू नका. तिने आधी मुलाकडे पाहावे.

सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती पहिल्या पानाची. सध्या तेथे पूर्ण पानभर मच्छिंद्रनाथ वेशीपाशी उभे आहेत, पाठमोरे, आणि पुढे नगराचे कळस दिसतात. ते पान सुंदर आहे, ते चौथ्या पानावर जाऊ द्या. आधीची तीन पाने शब्दांवाचून असावीत: पहाट, घागरी, सुतारणीचा रंधा, न्यायसभेत भांडणाऱ्या दोघी, पाळण्यातली मुलगी. आणि शेवटी मच्छिंद्रनाथ निघताना मैनाकिनी त्यांना जी सोन्याची वीट देते, ती याच तीन पानांत कोठेतरी आधी दाखवून ठेवा, खजिन्याच्या खोलीत, कोणीतरी मोजून वहीत नोंद करताना. पुढे गोरखनाथ ती वीट माया म्हणून फेकून देतील, तेव्हा वाचकाला ती कोणाच्या कष्टाची होती हे माहीत असेल.